खोकं शाबूत, बाकी काही नाही

तीर्थरूप आत्याच्या पायांशी,

साष्टांग नमस्कार. या खेपेला तो नुसता कागदावरचा नाही. कारखान्यात पुठ्ठ्याच्या थप्पीमागे खरोखरच जमिनीवर बसलो आहे, आडवं व्हायचं तेवढं बाकी. तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं काय ठरलं? (ऑपरेशन झालं नसेल तर हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नकोस. भिंग लावून, सावकाश, एकटीने वाच.) इकडे सगळे खुशाल आहेत. मी सोडून. तुझी बरणी फुटली त्याबद्दल फोनवर मी तुला जे जे सांगितलं ते सगळं खोटं होतं. हे एक वाक्य लिहायला चार कागद लागले. आधीचे तीन हवापाण्यातच संपले.

मुळापासून सांगतो. आमच्या कारखान्यात काचेच्या बरण्या होतात आणि त्या गिऱ्हाइकाकडे अख्ख्या पोचाव्यात म्हणून खोकी बेतायची, हे माझं काम. तू चारचौघांत ‘आमचा भाचा खोकी करतो’ असं सांगतेस ते ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. काच कशी जपावी यावर मी तासभर बोलू शकतो आणि बोलतोही (भाचेसुनेला विचार, ती हल्ली मध्येच उठून जाते). सगळी गोम अशी, की बरणीला पोटाशी धरायचं आणि मान मोकळी सोडायची. मानेला पुठ्ठा टेकला की धक्का तिथेच बसतो. नव्या खोक्याची परीक्षा घ्यायला मला नाजुकातली नाजूक बरणी हवी होती, आणि तुझ्याकडे आतोबांनी स्वतः फुंकून केलेली, लांब मानेची, एका अंगाला झुकलेली ती बरणी होती (आतोबा चालायचेही तसेच). तू नको म्हणालीस. त्यांच्या हातची तेवढी एकच उरली आहे म्हणालीस. मी ऐटीत म्हणालो, माझ्या खोक्यातली काच फुटली तर नाव बदलीन. आत्या, नाव बदलायची वेळ आलेली नाही, हीच तर लाजेची गोष्ट आहे.

परीक्षा म्हणजे भरलेलं खोकं टेबलाच्या उंचीवरून दहा वेळा खाली टाकायचं: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा अंगांवर. बघायला मॅनेजरसाहेब स्वतः आले होते (आम्ही त्यांना मागे ‘दमट पुठ्ठा’ म्हणतो, कुठल्याच गोष्टीत ताठ उभे राहत नाहीत). दहाव्या आपटीनंतर मी बरणी बाहेर काढली, आमच्या रीतीप्रमाणे नखाने टिचकी मारली, आणि ती इतकी खणखणीत वाजली की साहेबांनी माझी पाठ थोपटली. पॅकिंगच्या ताईंनी ती पुन्हा भरली, टेप लावली, तुझा पत्ता चिकटवला. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण सगळे चहाला गेले आणि मला फोटोची हुक्की आली. घरच्या ग्रुपवर ‘आत्याची बरणी, दहा वेळा पडून’ असं टाकायचं होतं. टेप कापली, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि चेहरा नम्र दिसावा म्हणून जरा वाकलो. ती निसटली. टेबलावरून दहा वेळा पडून जिला ओरखडा आला नाही, ती गुडघ्याच्या उंचीवरून एकदाच पडली आणि संपली. (फोटो निघाला आहे. त्यात बरणी हवेत आहे आणि मी हसतो आहे.)

माणसासारखा माणूस असतो तर तेव्हाच तुला फोन केला असता. मी तुकडे वेचले, खोक्यात भरले, नवी टेप लावली, कुरिअरने पाठवून दिले आणि तुझा फोन आला तेव्हा ‘वाटेत फुटली असेल’ म्हणालो. तू चवताळलीस ते योग्यच. पण तू पडलीस निवृत्त मुख्याध्यापिका; थेट कंपनीला सात मुद्द्यांची तक्रार धाडलीस आणि पुरावा म्हणून खोकंही परत पाठवलंस. आता आमच्याकडची पद्धत ऐक. तक्रार आली की अभिप्रायाचा फॉर्म खोकं बेतणाऱ्याकडेच येतो. त्यावर दोन चौकोन असतात, ‘रचनेतला दोष’ आणि ‘भरतानाची चूक’. ‘बेतणाऱ्याच्या हातून पडली’ असा चौकोन नाही. बराच वेळ पेन धरून बसलो आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. ‘संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई होत आहे’ असं जे दिलगिरीचं पत्र तुला आलं, ते मीच लिहिलेलं आहे.

संबंधित कर्मचारी म्हणजे ताई. सोळा वर्षांत त्यांनी भरलेली एक बरणी फुटली नाही. या महिन्यात त्या मुकादम होणार होत्या. आता आवक-जावकच्या टेबलावर बसून पाकिटांना तिकिटं लावतात, आणि मुकादमाची जागा कोणाला द्यायची ते सोमवारी ठरतंय. आणि त्यांना कळलं आहे, आत्या. गिऱ्हाइकाला नखाने उकरत बसायला लागू नये म्हणून ताई टेपचं टोक बोटभर दुमडतात. परत आलेल्या खोक्यावर मी लावलेल्या टेपचं टोक दुमडलेलं नव्हतं. त्यांनी ते अंगठ्याने चाचपलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “साहेब, चहा घेतलात का?” मुस्कटात दिली असती तर बरं झालं असतं. मॅनेजरसाहेबांना खरं सांगायला मी तीनदा केबिनमध्ये गेलो. पहिल्यांदा पंखा आवाज करतो अशी तक्रार करून आलो, दुसऱ्यांदा रजा मागून आलो, तिसऱ्यांदा नव्या खोक्याबद्दल प्रशस्तिपत्रक घेऊन आलो. मला माझी लाज वाटते. तुझी क्षमा मागायला तोंड नाही, पण मागतो.

तुझा,
खोकी करणारा भाचा

ता. क. – पत्राचं खरं कारण असं, की ‘बरणी माझ्याच हातून पडली, नजर नीट नाही’ अशा दोन ओळी तू कंपनीला लिहिशील का? मोतीबिंदूमुळे पटेलही. ताईंचं काम होईल आणि माझं नाव कुठे येणार नाही.

आणखी ता. क. – वरचा ता. क. वाचून माझी मलाच किळस आली. खोडत नाही. एवढं सगळं लिहूनही मी काय मागत होतो, ते तुला दिसू दे. काही लिहू नकोस.

शेवटचं – तिकिटासाठी पाकीट ताईंकडेच न्यावं लागलं. उघडंच दिलं आणि वाचा म्हणालो. त्यांनी उभ्या उभ्या सगळं वाचलं, पहिला ता. क. दोनदा. मग म्हणाल्या, “आत्यांना पाठवा की. पण आधी साहेबांना द्या.” म्हणून तुला ही झेरॉक्स येते आहे, एवढ्या ओळी तेवढ्या शाईच्या. मूळ पत्र साहेबांच्या हातात आहे आणि मी समोरच्या खुर्चीवर बसून हे लिहितो आहे. त्यांनी आत्ताच दुसरं पान उलटलं. ताई दार अडवून उभ्या आहेत.