दोन ढिल्या बोल्टांबाबत, मी जिवंत असतानाच

आधी चूक दुरुस्त करते. वाटणी नंतर.

दिनांक ९ जानेवारी २०२३ रोजी केलेल्या माझ्या मृत्युपत्राच्या तिसऱ्या कलमात मी असे लिहिले होते: "माझे मामा फिनिअस मासोम्बुका यांनी माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत बेपर्वाईने गाडी फिरवून तिचे इंजिन फोडले. सबब त्यांनी माझ्या गाडीला हात लावू नये व माझ्या दफनास येऊ नये." हे खोटे आहे. लिहिताना मला ते खरे वाटत होते, पण त्याने ते खरे होत नाही. इंजिन माझ्यामुळे गेले. ते मृत्युपत्र मी संपूर्ण रद्द करत आहे. उद्या मला काही झाले आणि वकिलांच्या कपाटातून तेच बाहेर निघाले, तर माझ्या शवपेटीसमोर माझ्याच शब्दांत मामाला पुन्हा दोषी ठरवले जाईल. या भीतीने मला गेले कित्येक महिने नीट जेवण जात नाही.

मी, नोमालांगा एल्फस स्कोसाना, वय पंचवीस, राहणार क्वाथेमा, स्प्रिंग्ज शहर, धंदा मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर नोकरी, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव असलाच तर तो हे लिहू नये असा आहे. तब्येत चांगली आहे. रोज सकाळी मिनीबस टॅक्सीने कामाला जाते, तेवढाच काय तो जिवाला धोका.

माझ्या वकील गोवेंडरबाई म्हणाल्या, "पंचविशीत दुसरे मृत्युपत्र? माझे ऐंशी वर्षांचे अशील पहिले करायला घाबरतात."

मी म्हटले, "पहिल्यात चूक आहे."

"मग ते कलम गाळून टाका. मृत्युपत्र म्हणजे कबुलीजबाब नव्हे."

"पहिल्यात आरोप चालला ना, बाई? मग दुसऱ्यात कबुली का चालत नाही?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "लिहा. पण कलमे पाडून लिहा."

कलम पहिले. घडले ते.

माझे वडील एल्फस स्कोसाना हे ओतकाम कारखान्यात फिटर होते. १९८९ सालची ३२५ मॉडेलची गाडी, जिला आमच्याकडे लहानथोर सगळे गुशेशे म्हणतात, ती त्यांनी माझ्या जन्माच्या वर्षी ठोकलेल्या अवस्थेत घेतली आणि मी चार वर्षांची असताना रस्त्यावर आणली. मधली चार वर्षे मी त्या गाडीखाली बसून वाढले. अक्षरे मी खोक्यांवरून शिकले, आकडे पान्यांवरून. शाळा नंतर आली. घाईचे काम वाईट, हे मला आधी बाबांनी शिकवले आणि मग गुरुजींनी. बाबांचा एक नियम होता. कोणताही महत्त्वाचा बोल्ट मोजून आवळला की त्यावर आईच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी लोखंडावर. बोल्ट सरकला की रेघ तुटलेली दिसते. "रेघ नाही तर काम झालेले नाही," असे ते म्हणत. आई म्हणे, "बाजारात मला बघून लोकांना वाटत असेल, हिची नखे कधी रंगवलेली दिसत नाहीत, मग बाटल्या जातात कुठे?"

गुरुवार, २ जून २०२२ रोजी मी सुट्टी घेऊन अंगणात एकटीच टायमिंग बेल्ट बदलत होते. नवा बेल्ट बसवला. टेन्शनरची, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाची, स्प्रिंग त्याला नीट ताणत होती. इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा जुळवल्या. उरले होते टेन्शनरचे दोन बोल्ट आवळायचे. ते मी बोटांनी आत फिरवले आणि पाना उचलला. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. बाबा यंत्राशेजारी कोसळले होते. मी पोचेपर्यंत सगळे संपले होते.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव घालायला माणसे आली आणि गाडी वाटेत होती. "नोमा, गाडी हलव," असे चारपाच जणांनी ओरडून सांगितले. मी बेल्टवरचे कव्हर लावले, रेडिएटर बसवला, पाणी भरले, गाडी सुरू केली. ती पहिल्या किल्लीला सुरू झाली. मी ती शेजारच्या मोसियाकाकांच्या अंगणात नेऊन लावली. पाना हातात घेतल्याचे मला आठवते. तो चालवल्याचे आठवत नाही. कव्हर लावण्याआधी मी रेघ पाहिली नाही.

शनिवार, ११ जून रोजी दफन झाले. गाडीवाल्या माणसाला आमच्याकडे त्याच्या गाडीनेच निरोप देतात. मामा हा आईचा धाकटा भाऊ आणि बाबांचा स्पिनिंगमधला, म्हणजे गाडी जागच्या जागी गोल फिरवण्याच्या खेळातला, जोडीदार, म्हणून चाक त्याच्या हातात दिले गेले. आमच्या गल्लीत त्याने तीन गोल अप्रतिम काढले. दफनभूमीच्या फाटकासमोर चौथा काढताना इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा फार वर गेला, आणि जिन्यावरून पातेली गडगडावीत तसा आवाज होऊन गाडी फाटकात आडवी बंद पडली. मागे शववाहिनी थांबली. बाबांना थांबून राहावे लागले. दहा जणांनी गाडी ढकलून बाजूला केली. मग आई म्हणाली, "फिनिअस, माझ्या नवऱ्याच्या आधी त्याची गाडी मारलीस."

वडीलधारी म्हणाले, ज्याने मेलेल्याची वाट अडवली तो आत येणार नाही. मामा फाटकाबाहेर उभा राहिला. बाबांच्या खड्ड्यात मूठभर माती टाकायची राहिली ती फक्त त्याची. त्यानंतर तो आमच्या घरात आलेला नाही. स्वतःची गाडीही त्याने विकली.

जुलै २०२३ मध्ये मी इंजिन उघडले. बारांपैकी सात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले होते. बेल्टचा एकही दात तुटलेला नव्हता. तो नुसता उडी मारून सरकला होता, कारण टेन्शनरचे दोन्ही बोल्ट मागे फिरून सैल झाले होते. त्याच दिवशी बसवलेल्या पाण्याच्या पंपाच्या बोल्टांवर माझ्या रेघा होत्या. या दोघांवर नव्हत्या. तुटलेल्याही नव्हत्या. कधी ओढलेल्याच नव्हत्या.

कलम दुसरे. मी हे आधी का सांगितले नाही, असे कुणी विचारू नये. सांगितले आहे. तीनदा.

पहिल्यांदा मामाला, या वर्षी फेब्रुवारीत, तो टायरच्या दुकानाबाहेर बसला असताना.

"मामा, टेन्शनरचे बोल्ट ढिले होते. मी आवळलेच नव्हते."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मीच बसवले होते ना!"

"पोरी, काटा सात हजारांच्या पुढे मी नेला, तू नाही. साडेसहाच्या वर गेलास तर कान उपटीन, असं एल्फस मला शंभरदा म्हणाला होता."

"बोल्ट आवळलेले असते तर इंजिनाने ते सोसलं असतं."

"आणि मी हळू फिरवली असती तर ढिल्या बोल्टांवरही निभावलं असतं."

त्या दिवसापुरते हे अगदीच चूक नाही, म्हणून इथे नोंदवते. पण पुढच्या आठवड्यात साध्या रस्त्यावरही ते बोल्ट निसटलेच असते, हेही नोंदवते. मी ते त्याला समजावू लागले तर तो उठून उभा राहिला.

"दोन वर्षं होत आली. हे ओझं मी कसंबसं खांद्यावर बसवून घेतलंय. आता तू येऊन सांगतेस ते तुझं होतं? मग मी माझी गाडी कशाला विकली गं? जा घरी."

दुसऱ्यांदा आईला. ती भोपळा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"मला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, नोमा. भाऊ समोर होता. आता म्हणतेस भाऊ परत घे आणि त्याच्या जागी मुलगी दे?"

"आई, पण खरं ते..."

"खरं तुझ्या बापाबरोबर गेलं. हा भोपळा उचल."

तिसऱ्यांदा ईस्टरला, सगळे नातेवाईक जमलेले असताना मी उभी राहिले आणि म्हटले, "मला सर्वांना एक गोष्ट सांगायची आहे." मावशीला वाटले माझे लग्न ठरले. तिने आनंदाची जी हाळी दिली ती सगळ्या बायकांनी उचलली, कुणी नाचायला लागले, कुणी मुलगा कुठला म्हणून विचारायला लागले. मी खाली बसले. तो भित्रेपणा होता, गैरसमज नव्हे. आवाज ओसरल्यावर मी पुन्हा उभी राहू शकले असते.

कलम तिसरे. गाडी.

इंजिनाचे काम मी या वर्षी पुरे केले आहे. हेड घासून आणले, व्हॉल्व्ह नवे, बेल्ट नवा. माझ्या मृत्यूनंतर गाडी मामा फिनिअस मासोम्बुका यांना द्यावी. त्यांनी नको म्हटले तरी द्यावी. किल्ली त्यांच्या हातात ठेवून मागे न बघता निघून यावे. अटी पुढीलप्रमाणे: मागच्या चाकांमधले डिफरन्शियल वेल्ड करू नये, ते करणाऱ्यांच्या गाड्या वळणावर लंगडतात आणि मालक त्याला शान समजतात. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगा कापू नयेत. मागच्या डाव्या दारावरचा ओरखडा रंगवू नये, तो माझ्या तिचाकीचा आहे. बेल्ट चार वर्षांनी बदलावा, गाडी चालली असो वा नसो. आणि मामा, साडेसहा हजार. कृपया.

कलम चौथे. हत्यारे माझी धाकटी बहीण थोको हिला. ती पेचकसाने रंगाचे डबे उघडते हे मला माहीत आहे. तिला विनंती की मोजून आवळायचा पाना तरी वेगळा ठेवावा, वापरून झाला की त्याची कळ शून्याच्या जवळ परत आणावी आणि त्याने खिळे ठोकू नयेत. दफनाच्या खर्चासाठी दरमहा वर्गणी भरते त्या दफन मंडळातले माझे खाते व बँकेतली शिल्लक आईला. घर तिचेच आहे, त्यात मी देण्यासारखे काही नाही.

कलम पाचवे. ज्यांना काही मिळणार नाही ते.

भंगारवाले न्खुनासाहेब, ज्यांनी मला "नेलपॉलिशवाली" हे नाव दिले आणि दर वेळी "घरी कुणी पुरुषमाणूस नाही का?" असे विचारून मगच गिअरबॉक्स दाखवला. तो गिअरबॉक्सही चुकीच्या गाडीचा होता. काउंटरवर येऊन माझ्या खांद्यावरून आत पाहणारी सर्व गिऱ्हाइके. त्यांना मी क्षमा करते असे लिहिणार होते, पण शपथेवर खोटे लिहायचे नाही असे ठरवले आहे.

मोसियाकाकांना माझा हवेचा पंप द्यायचा होता. ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून पंप त्यांना जिवंतपणीच, याच आठवड्यात देत आहे.

कलम सहावे. माझे दफन.

वरील कलम पहिले जेवणाआधी मोठ्याने वाचावे. थोकोने वाचावे. पाद्रीबाबांकडे देऊ नये, ते सगळे गोड करून टाकतात. गाडी मामाने फिरवावी आणि त्याने फाटकाच्या आत यावे. यास हरकत घेणाऱ्याने माझ्या दफनास थांबू नये, मग तो कितीही वडील असो.

कलम सातवे.

हे काम मरणावर सोपवून मोकळे व्हावे असे मला वाटले होते. तीही घाईच झाली. मेलेल्या मुलीची कबुली आई पदरात घालून रडेल आणि मामा म्हणेल, पोर माझ्यासाठी खोटे बोलली. मला उलटतपासणी करायला कुणी उरणार नाही. म्हणून बाबांच्या थडग्यावरच्या दगडाचे पुढच्या महिन्यात अनावरण होण्याआधी, सर्व नातेवाइकांसमोर, हे मी स्वतः योग्य वेळी सांगेन. मामाला अनावरणाचे निमंत्रण गेलेले नाही. त्याला आणायला मी त्याच गाडीने जाईन. तो बसला तर बरे. न बसला तर त्याच्याशिवाय सांगेन. हाळी दिली तर ती संपेपर्यंत उभी राहीन. आई मला घरात ठेवेल की नाही हे मला माहीत नाही. कपड्यांची एक पिशवी भरून ठेवली आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष प्रत्येक पानावर सही करून पुरे केले.

नोमालांगा एल्फस स्कोसाना (सही)

साक्षीदार:
१. ऑलिव्ह केकाना, दुकानातील सहकारी (सही)
२. जेरेमिया मोसिया, शेजारी, सेवानिवृत्त (सही, खालील दुरुस्ती झाल्यानंतर)

स्थळ: स्प्रिंग्ज. मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४.

दुरुस्ती. सही करण्याआधी मोसियाकाकांनी कलम सातवे दोनदा वाचले आणि पेन खाली ठेवले.

"हे 'योग्य वेळी' म्हणजे कधी, मुली?"

"म्हणजे... सगळे जमले की, काका."

"छपराची गळती कधी काढणार असं बायको विचारते तेव्हा मीही हेच म्हणतो. सतरा वर्षं झाली. तारीख घाल, नाहीतर मी सही करत नाही."

ऑलिव्हने घड्याळात पाहिले. गोवेंडरबाईंनी पेन माझ्याकडे सरकवले. कलम सातव्यातील "योग्य वेळी" हे दोन शब्द मी खोडले आहेत. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. त्या शब्दांच्या जागी असे वाचावे:

शनिवार, १४ डिसेंबर २०२४, सकाळी दहा वाजता.