पाळी नसताना आलेला नळ

९ डिसें., मंगळ.
आज सकाळी माझ्या दारावर एक ह्रस्व इकार चिकटवण्यात आला. 'आपला आशिर्वाद असू द्या.' खाली तीन वेळचे सरपंच हात जोडून, चिन्ह कपबशी. तिथला 'शी' दीर्घ असतो हे पंधरा वर्षांत त्यांना कोणी सांगितले नाही, यावरून ग्रा.पं.चा कारभार कळावा. तांबड्या पेनाने दुरुस्त केले. सौ. म्हणाली, "चूक काय काढता, दार पुसा. किती खळ लावली मेल्यांनी." पुसायला पाणी कुठे. नळ पाचव्या दिवशी येतो, पाळी गुरुवारची. तोवर शुद्ध आशीर्वाद दारावर.

१० डिसें., बुध.
चक्कीवाली नंदाबाई आली. सरपंचाविरुद्ध उभी आहे, एकटीच. चिन्ह नळ.
"मागतलं होतं शिलाई मशीन, भेटला नळ. गुरुजी, मत टाकसान ना?"
पत्रकात सात चुका होत्या, त्या दाखवल्या. मत टाकत नाही, हेही सांगितले. कारण तिला ठाऊक आहे. मागच्या खेपेस सरपंचाच्या विरोधात सदस्यपदाला उभ्या असलेल्या देशमुखांच्या प्रशांतसाठी मी, गावचा वार्ताहर, पेपरात रकाने भरले, 'आशेचा किरण' असली भाषा वापरली. किरण निवडून आला आणि आठव्या दिवशी सरपंचाच्या गाडीत पुढे बसून तालुक्याला, देवळीला गेला. त्यानंतर बोटाला शाई नाही, आणि कोणाबद्दल बरे लिहायचे नाही.
नंदाबाई म्हणाली, "फसवलं त्यानं, अन् राग माह्यावर काऊन?"
पत्रकात आठवी चूक सापडते का, ते पाहू लागलो. सापडली नाही.

१३ डिसें., शनि.
उद्या मतदान. बातमी आजच लिहून ठेवली, वीस वर्षांची सवय. 'मतदान शांततेत, मतदारांत निरुत्साह.' टक्केवारीची जागा तेवढी रिकामी.
चौकात सरपंच भेटले. "काय गुरुजी, याही वेळी आराम ना? तुमच्यासारखी विद्वान मानसं पाह्यजे गावाले."
मी हसलो. घरी येईस्तोवर ते हसू तोंडात कडू झाले. म्हणजे इतकी वर्षे मी त्यांच्याच कामाचा...

१४ डिसें., रवि.
सकाळी सातला सौ.ची हाक, नळ आला. पाळी नसताना. एरवी करंगळीएवढी धार, आज मनगटाएवढी. साडेसातला मतदान सुरू. टाकीची किल्ली कोणाच्या माणसाकडे, हे सांगायला वार्ताहर लागत नाही. नंदाबाईची मते म्हणजे गावच्या बाया, आणि पाणी आले की बाया घरी. नीचपणात इतका नेमकेपणा मी शाळेत पोरांच्या निबंधांतही मागितला नव्हता.
सौ.ने नळी ड्रममध्ये सोडली, मला स्टूल दिले. "भरत बसा. तसंही तुम्हाला कुठं जायचं नाही." गेली.
बसलो. गल्लीत पाहतो तर दारोदारी एकेक नवरा ड्रमपाशी. समोरचा बबन म्हणे, "गुरुजी, माही घागर भरली तरी बायको अजून मतदानाच्या रांगेतच हाय."
ड्रम भरल्यावर बातमीपुरते शाळेकडे गेलो. रांग फाटकाबाहेर. लुगड्यांचे काठ ओले.
"नळ आला का वो?"
"आला ना बाई. लय जोरात आला."
रांगभर हेच. केंद्राध्यक्ष बाहेरगावचे, घाईने आले. चिन्हाचा प्रचार शंभर मीटरच्या आत चालणार नाही, म्हणाले. शेवंताबाई सत्तरीची. "साहेब, नळ आला त नळ आला म्हनाचं नाई? मंग काय, कपबशी आली म्हनू?"
पोलीसही हसला. साहेब नियमांचे पुस्तक चाळत आत गेले. पाळी नसताना नळ आल्यास काय म्हणावे, याची तरतूद बहुधा नसावी.
पुरुषांच्या रांगेत कधी उभा राहिलो, नीट आठवत नाही. यंत्राचे बटण दाबले. बाहेर येऊन बोट दोनदा पाहिले. वय बावन्न, आणि चाल पोरासारखी. शेवंताबाई म्हणाली, "आलं का गुरुजी, तुमच्याही नळाले पानी?"
कालची बातमी फाडली, नवी लिहिली. 'आशा' शब्द आला. खोडला. पुन्हा लिहिला.

१५ डिसें., सोम.
मोजणी उद्या, देवळीला. बातमी छापून आली, 'आशा'सकट. सरपंचाचा माणूस सांगत फिरतो की काल टाकीचा व्हॉल्व्ह चुकून सुटला.
दळणाच्या निमित्ताने चक्कीवर गेलो. नंदाबाईपुढे पेपर उघडा. "लय मस्त लिवलं गुरुजी. आली निवडून त सारं तुमाले इचारूनच करीन." माझ्या आधी चार डबे होते. तिने माझा उचलून पहिला लावला. मागे उभ्या असलेल्या बाईने आपला डबा मागे सरकवला. मी सरकवू दिला.
पीठ गरम होते, घरी येईपर्यंत डबा छातीशी.
ती हरली तर वाईट वाटेल, ते सोसता येईल. पण जिंकली, आणि कधी तिच्याविरुद्ध लिहायची वेळ आली, तर माझ्याने लिहवणार नाही असे वाटते. मला त्याची भीती वाटते.