मधली चार पाने माझी आहेत

प्रति,
माननीय शिक्षणाधिकारी,
माध्यमिक शाळा विभाग, शिक्षण कार्यालय.

विषय : नववीतील माझ्या नातीला येत्या गुरुवारी वार्षिक परीक्षेस बसू देण्याबाबत.
संदर्भ : मुख्याध्यापिका बाईंचे गेल्या शुक्रवारचे पत्र.

महोदय,

मी छापखान्यात चाळीस वर्षे पुस्तके बांधली. बाइंडरला पुस्तक वाचावे लागत नाही, म्हणून निभावले. कोणी कागद पुढे केला की मी 'चष्मा घरी राहिला' म्हणायचो. अडुसष्टाव्या वर्षी नातीने मला अक्षरे शिकवली. तिचा गृहपाठ हेच माझे क्रमिक पुस्तक. धर्म व नीती, समाजशास्त्र आणि परिच्छेदलेखन या तिन्हींची मिळून तिची एकच वही आहे. ती प्रश्न वाचायची, आम्ही त्यावर भांडायचो, मग ती वहीत लिहायची आणि मी सुट्या कागदावर. मी तिचेच अक्षर गिरवले, त्यामुळे माझे वळण हुबेहूब तिच्यासारखे आहे. तिथेच घात झाला.

'सर्व धर्म ज्याला वाईट म्हणतात अशा एका गोष्टीवर स्वानुभवाचा परिच्छेद लिहा' असा प्रश्न होता. तिने मैत्रिणीची पट्टी लपवल्याचे लिहिले. मी लिहिले, 'मी चाळीस वर्षे खोटे बोललो.' दुसऱ्या दिवशी सकाळी वहीच्या टाचण्या निघाल्या, पाने विखुरली आणि शाळेची घाई. मी ती गोळा करून दाभणाने शिवून दिली. माझे कागद मी सवयीने वहीच्याच मापाचे कापून मधोमध दुमडले होते. पाने लावताना मी वाचली नाहीत, फक्त कडा जुळवल्या, आणि माझीही चार पाने मधोमध शिवली गेली. अक्षर आले, पण हात जुन्याच सवयीने चालला.

वर्गाच्या बाईंनी भर वर्गात विचारले, "चौदा वर्षांची तू, चाळीस वर्षं खोटं कशी बोललीस गं?" वर्ग हसला. नात गप्प राहिली, कारण म्हातारा शिकतोय हे कुणाला सांगू नकोस, लोक दात काढतील, अशी शपथ मी तिला घातली होती. गप्प राहणे ही कबुली धरली गेली. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून दिले, सबब परीक्षेस बसता येणार नाही, असे पत्र घरी आले.

शनिवारी मी शाळेत जाऊन खरे सांगितले. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून नातीच्या प्रवेशाचा फॉर्म काढला. त्यावर माझा अंगठा. म्हणाल्या, "आजोबा, नातीसाठी जीव तुटतो हे कळतं. पण या वयात खोटं बोलू नका." जन्मभर माझे खोटे खपले आणि एकदा खरे बोललो ते खपेना. लिहून दाखवतो म्हणून पेन घेतले, तर हात इतका थरथरला की एक अक्षर धड उमटेना. नातीला मी शपथेतून मोकळे केले. ती म्हणाली, "आता सांगितलं तर तेही खोटंच वाटेल, आजोबा."

हा अर्जही तिनेच लिहिला असे आपणास वाटेल, हे मी जाणतो. म्हणून एक विनंती आहे. ती वही मागवून घ्यावी व मधोमध उघडावी. तिच्या पानांच्या घडीत सात भोके आहेत, दोन टाचण्यांची चार आणि माझ्या दाभणाची तीन. मधल्या चार पानांच्या घडीत तीनच आहेत. ती पाने त्या वहीची कधी नव्हतीच. अक्षर फसवील, भोक फसवणार नाही.

एवढ्याने खात्री न पटल्यास माझीच परीक्षा घ्यावी. प्रश्न आपण घालावा, कागद आपला असावा. हात थरथरला तर थांबेन आणि पुन्हा लिहीन, मात्र मला वेळ द्यावा. शिक्षा करायची तर शपथ घालणाऱ्याला करावी, पाळणारीला नको.

आज कार्यालय उघडल्यापासून मी बाहेरच्या बाकावर बसून आहे. चष्मा बरोबर आणला आहे.

आपला नम्र,
(सही, अंगठा नव्हे)
नववीतील मुलीचा आजोबा, निवृत्त बाइंडर
दिनांक : परीक्षेआधीचा मंगळवार

सोबत : सरावाचे एकतीस कागद. पहिल्या सहांवर फक्त 'क' आहे.