विनयची मान

४ ऑगस्ट
मानेचे वरवरचे स्नायू आणि शिरा. फर्स्ट इयर. शिकवण्याचं हे बाविसावं वर्ष. मेडिकल कॉलेजातली विच्छेदनाची बॉडी इतकी सुकलीय की शीर कुठली, नर्व्ह कुठली, मलाच कळेना. मुलांना दाखवू काय, माझं डोकं? ठाण्याहून डोंबिवलीला घरी येईपर्यंत अंगात जीव राहत नाही. मग सुचलं, घरी रिटायर्ड नवरा बसून असतो. त्याचीच मान वापरावी.

५ ऑगस्ट
विनयला डायनिंगच्या खुर्चीत ताठ बसवलं. हनुवटी माझ्या तळव्यावर रेटायला लावली, स्टर्नोमास्टॉइड स्नायू दोरीसारखा उठला. मग प्लॅटिझ्मा, म्हणजे कातडीखालचा पातळ स्नायू, दिसावा म्हणून खालचा ओठ ओढून दात दाखवायला लावले. "अगं, खिडकी लाव, समोरचे बघतायत."
एक्स्टर्नल जुग्युलर शीर तर काय सुरेख! मुलांना श्वास कोंडून जोर लावायला सांगते तेव्हा कुठे ती दिसते. ह्याची नुसती बसल्या-बसल्या टम्म, जबड्यापासून कॉलरबोनपर्यंत. आयब्रो पेन्सिलने गिरवली, फोटो काढले. म्हटलं, तुझ्यासारखं मॉडेल नाही. खूश झाला वेडा.

६ ऑगस्ट
लिफ्ट बंद. वि. भाजी घेऊन आला तर जिन्यात दोनदा थांबला. चपलाही घट्ट होतात म्हणे. बसून बसून दुसरं काय होणार? करवादलेच त्याच्यावर. पेपर तपासायचेत.

८ ऑगस्ट
फोटो पडद्यावर लावले. मुलं चक्क जागी. मागच्या बाकावर सानिका, रिपीटर, मानपाड्याची. म्हणाली, "मॅडम, फोटोत सर झोपलेत का?"
"नाही गं, बसलेत."
"ताठ?"
"हो."
ती वहीत बघत राहिली. मी पुढची स्लाइड लावली आणि लख्ख कळलं.
आडवं झोपलं की ती शीर भरलेली दिसतेच, ताठ बसलेल्या माणसाची अशी दिसत नाही. हृदय थकलं की रक्त मागे तुंबतं, तेव्हा दिसते. दरवर्षी शेवटच्या पाच मिनिटांत, घाईघाईत, मीच सांगते. सानिकाने दोनदा ऐकलंय. मी मेलेल्यांच्या रिकाम्या शिरा बघत आले, भरलेली दिसली तर नुसता आनंद झाला. लाज वाटते. भीती जास्त.

९ ऑगस्ट
वि.च्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला. खड्डा पडला, लवकर भरेना; पायात पाणी साठलंय.
"आता पायाचा धडा का?"
हो म्हटलं. खोटं बोलले. कल्याणला हृदयाची इको तपासणी, उद्या सकाळी साडेनऊ.

१० ऑगस्ट
रिक्षात सगळं सांगून टाकलं. वर्गात काय झालं तेही. चिडला असता तर बरं झालं असतं.
"म्हणजे तुझ्या पोरांना माझ्याआधी कळलं." एवढंच.
ठाकुर्ली गेल्यावर त्याने शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटण लावलं. एरवी कधी लावत नाही. 
इथे दवाखान्यात आत्ता त्याचं नाव पुकारलं. मीही उठले.
"तू नको येऊस आत."
बाहेर बाकावर बसून लिहितेय. दार अजून बंद आहे.