मारून रेषेवर परत

६ ऑगस्ट २०१७, रविवार
ही वही फक्त माझ्यासाठी. बायकोच्या, सुमंगलाच्या, हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यामागे ठेवणार. तिथे ती कशाला बघतेय!

आज लेकीने, सुविधाने, बॉम्ब टाकला. हरमलला साईशच्या जिममध्ये एमएमए शिकायचंय. साईश म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, ग्रीन बेल्टवर कराटे सोडून पळालेला. तिथे म्हणे लाथ, बुक्का, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकत्र. मी म्हटलं, मिसळच खायची तर हॉटेलात जा. ती हसली नाही.

डिसेंबरात तिला स्पर्धेत उतरायचंय. सहाव्या वर्षापासून माझ्याकडे शिकतेय, आता वीस. माझ्या क्लासात एकूण सात जण, त्यातल्या सहांना आया धरून आणतात. ती गेली तर हॉलमध्ये मनापासून आलेले फक्त मी आणि पंखा.

७ ऑगस्ट
पैज लावली. १७ सप्टेंबरला म्हापशात एमएमएच्या लढती आहेत, चाळिशीवरच्यांचाही गट आहे. मी उतरणार, नुसत्या कराटेवर. जिंकलो तर ती हरमल विसरणार, हरलो तर जाणार. एकतीस वर्षांचा कराटे आहे, हरण्याचा प्रश्नच नाही. सुविधा म्हणाली, बाबा, पैज नको. घाबरली बहुतेक.

सुमंगला म्हणाली, "जिनो चडताना धाप लागता तुमका, आनी मारामारी?" ऑफिसच्या जिन्याच्या पायऱ्याच उंच आहेत. पीडब्ल्यूडीचं काम.

९ ऑगस्ट, पहाटे ५
वजन ७८, हवं ७०. आजपासून पाव बंद. कायमचा.

९ ऑगस्ट, सकाळी ७
पाववाला पोदेर नेमका आमच्याच दारात भोंपू वाजवतो. दोनच उंडे खाल्ले. गरम होते.

१३ ऑगस्ट
क्लासात शिस्तीवर भर दिला. आमची पद्धत सोपी: बुक्का लागला की थांबायचं, पाठ फिरवायची, रेषेवर परत जायचं, पंचांकडे बघायचं. पॉइंट आपोआप मिळतो. एका पोराने विचारलं, सर, तेवढ्यात समोरच्याने मागून मारलं तर? त्याला वीस उठाबशा दिल्या. समोरचा सभ्यच असतो.

सुविधाचं वळणं बघत राहावं. टाचेवर, एका झटक्यात. ही माझी मुलगी.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून आल्यावर हाताने छपराच्या कौलांतले दोन नळे फोडले. हात उत्तम! ते नळे दुरुस्तीसाठी राखून ठेवले होते हे नंतर कळलं. देवघरावर गळतंय. सुमंगला बोलत नाहीये. एकाग्रतेला चांगलं.

२० ऑगस्ट
देवळात कौल मागायला मूर्तीला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जिंकणार. डावी पडली. भटजींना म्हटलं, वारा होता, परत लावा. परत डावी. "देव ना म्हणटा," भटजी म्हणाले. पण देव बसलाय आपल्याकडे तोंड करून. म्हणजे आपली डावी ती त्याची उजवी. भटजींना हे एवढं सुचू नये?

३० ऑगस्ट
गणपतीची चवथ होती. सारण भरून तळलेल्या नेवऱ्या. वजन ८१. ७० किलोचा गट सोडून वरचा घेतला. तिथली माणसं जड, म्हणजे संथ.

५ सप्टेंबर
शिक्षकदिन म्हणून साईश भेटायला आला, पाया पडला. म्हणाला, सर, आठ दिवस हरमलला येयात, खाली पाडल्यार कितें करपाचें तें दाखयतां. मी म्हटलं, मला पाडणार कोण? कागदावर हिशेबच मांडून दाखवला: माझा बुक्का पाव सेकंदात, समोरच्याला पकडायला एक सेकंद. तो बराच वेळ कागद बघत होता. पटलं असावं.

१६ सप्टेंबर
काळा बेल्ट इस्त्री केला. सुविधाशी उद्या काय बोलायचं तेही ठरवलं: हरमलचं मनात आणलंस म्हणून मी रागावलो नाही. मोठ्या मनाने.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ
बेल्ट बाहेर काढून ठेवायला लावला. फक्त चड्डी, आणि चहूबाजूंनी जाळी. सुमंगला पहिल्या रांगेत.

समोर फोंड्याचा गोकुळदास. वय ४४, भुसारी दुकान, पोट माझ्याहून मोठं. मी वाकून नमस्कार केला. त्याने हात मिळवला. घंटा.

माझा उजवा बुक्का बसला. खरंच बसला! गोकुळदास एका गुडघ्यावर. लोक ओरडले. मी थांबलो, पाठ फिरवली, रेषेकडे निघालो.

जाळीच्या आत रेषाच नव्हती. मी ती शोधत होतो.

पुढचं नीट आठवत नाही. गळ्याभोवती हात होता आणि मी सोड म्हणून जमिनीवर थापट्या मारत होतो. एकूण एकोणीस सेकंद. खाली उतरल्यावर गोकुळदासने पाणी दिलं. "सर, बुक्को बरो लागलो तुमचो. पूण मागीर पाठ कित्याक केली?"

१८ सप्टेंबर
तांत्रिकदृष्ट्या पॉइंट माझा. आयोजकांना पत्र लिहायला घेतलं: रेषा का नव्हती? सुमंगला म्हणाली, पत्र पुरे, नळे आणा. सुविधाने पैजेचं न काढता माझ्या मानेला तेल चोळलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ सप्टेंबर
क्लासात पोरं एकमेकांना मारून पाठ फिरवत होती आणि खिदळत होती. कोणाच्या तरी मोबाइलवर व्हिडिओ आलाय. मी आवाज चढवला: आजपासून मारल्यावर वळायचं नाही. सुविधा, दाखव.

सुरेख बुक्का मारला तिने. आणि वळली. स्वतःच दचकली. परत मारला. परत वळली. तिसऱ्यांदाही.

पोरं हसायची थांबली. चौदा वर्षं मीच तिला असं वळवलंय. डिसेंबरात ती त्या जाळीत असेल, आणि तिच्या पाठीवर झेप घेणारी दुसरी कोणीतरी. क्लास लवकर सोडला.

२४ सप्टेंबर, रविवार
सुविधाला स्कूटरवरून मीच हरमलला घेऊन गेलो. बाहेर बसून राहणार होतो, नुसता निरीक्षणासाठी. साईशने दोन फॉर्म आणले. मी म्हटलं, दुसरा कोणाला? त्याने पेन पुढे केलं.

अनुभवाचा रकाना होता. एकतीस वर्षं, असं लिहिलं. सुविधा बाजूलाच उभी होती, तिने वाचलं आणि जनेलाच्या गजांमधून बाहेर बघत राहिली. मग मी ते खोडलं आणि एकोणीस सेकंद असं लिहिलं.

मला नवख्यांच्या बॅचमध्ये घातलंय, तिच्याबरोबर. साईशला विचारलं, मग आता मला पांढरा बेल्ट मिळणार का?

"सर, हांगा कोणाकच बेल्ट नासता."