सात नंबरचा निरोगी माणूस

गोमती नगर, लखनौ
११ जून

सौ. वसुधाताईस,

धाकट्या सिद्धेशचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींची शुगर आणि पूर्वाचे प्रवेशाचे फॉर्म यांपैकी सध्या कोण जास्त त्रास देतंय ते कळव. इथे पारा चव्वेचाळीसवर आहे. माझं उत्तम चाललंय, तेव्हा काळजी नको, आणि या उन्हात इकडे यायचा विचारही करू नकोस.

मी प्रयोगशाळेत नक्की करतो काय, असं तू मागे विचारलं होतंस. (सोसायटीत ‘सिद्धेश कॅन्सरवर औषध शोधतोय’ असं सांगतेस, ते कृपया थांबव.) अप्पा गिझरच्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवायचे, आठवतं? बटण शाबूत, वायर शाबूत, पण दाबायची कुणाची हिंमत नव्हती, आणि आपण डिसेंबरात गार पाण्याने अंघोळ करायचो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरात तसंच होतं. पेशींच्या वाढीला आवर घालणारी काही जनुकं असतात. त्यांच्यावर मेथिल नावाचे बारके रेणू नको तिथे चिकटले, की जनुक एक अक्षरही न बदलता गप्प बसतं. मग पेशी वाढत सुटतात. या चिकटपट्ट्या शौचाच्या नमुन्यात वेळेवर सापडतात का, हे मी बघतो. हो, शौचाच्याच. एवढं शिकून.

रोग्यांचे नमुने रुग्णालयातून येतात. अडचण निरोगी माणसांची. तुलनेसाठी तीही लागतात, आणि लखनौत तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. आमच्या ग्रंथपाल राजेशजींनी नमुन्याची रिकामी डबी दोन्ही हातांनी घेतली, ‘जी, कल पक्का’ म्हणाले, आणि गेले तीन आठवडे मला बघितलं की दुसऱ्या जिन्याने जातात. अशा माझ्या अकरा डब्या शहरात हिंडताहेत. शेवटी एक नमुना कमी पडला, तो मी स्वतःचा दिला. सोबतच्या कागदावर ‘काही तक्रार?’ पुढे ‘नाही’ लिहिलं. नावं काढून डब्यांवर आकडे टाकायचं काम आमच्या तंत्रज्ञ नीलमजींचं. कुठला आकडा कुणाचा, हे मला कळू द्यायचं नाही असा नियम आहे (मीच केलेला).

गेल्या सोमवारी निरोग्यांपैकी सात नंबर बिघडलेला निघाला. चिकटपट्ट्याच चिकटपट्ट्या. मी किटला दोष दिला आणि पुन्हा केलं. मध्ये वीज गेली होती म्हणून पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही तेच आल्यावर भर बैठकीत नीलमजींवर उखडलो, की तुम्ही रोग्याची डबी निरोग्यांत घातलीत, आणि घातली नसेल तर हा सात नंबरवाला गाढव कोण आहे त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा. त्यांनी वही उघडली, पाहिली आणि मिटली. मग अगदी हळू म्हणाल्या, “सर, सात नंबर तो आप ही हैं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून सगळे माझ्याशी फार गोड बोलतात. राजेशजींनी तर न मागता डबी आणून दिली.

आता, ही तपासणी खात्रीची नाही, हे मीच चार परिषदांत ठासून सांगितलंय. ते खरंच आहे. तरी मी घाबरलोय.

तुझा,
सिद्धेश

ता. क. मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी पाठवली आहे. कच्चे आहेत, कागदात गुंडाळून ठेव.

ता. क. २. अप्पा दोन वर्षं मूळव्याध मूळव्याध म्हणत रक्त लपवत राहिले, आणि आपण दोघांनी ते ऐकून घेतलं. मार्चपासून मीही स्वतःला तेच सांगतोय. तूही डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस.

ता. क. ३. दुर्बिणीची तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. भूल देतात, म्हणून नातेवाईक सोबत असल्याशिवाय आत घेत नाहीत. अर्जात त्या रकान्यात तुझं नाव लिहून बसलोय. वर उन्हाबद्दल लिहिलंय ते खोडून वाच. अमौसी विमानतळावर घ्यायला येईन. ताई, ये.