वरवंटा घेऊन गेलेली सून

आई, येत्या रविवारी दुपारी चारला मला जुन्नरला एका वाचनालयात बोलायचं आहे. जुन्या-नव्या सिनेमांतले आपले आवडते प्रसंग सांगायचे, असा कार्यक्रम. चौघं बोलणार, त्यातली मी एक. पेपरात लोकांची खेचते म्हणून मला बोलावतात. मी बोलले की प्रत्येकाला वाटतं, शेजारच्यावर बोलली, आणि सगळे खूश होऊन घरी जातात. तर वही घेऊन बसले, पाच प्रसंग लिहिले, आणि यादी परत वाचताना लक्षात आलं की त्यातले तीन कुठल्याच सिनेमात नाहीत. ते तुझे आहेत.

आपल्या महाळुंग्याच्या घरी टीव्ही आला तेव्हापासून रविवारी चारला तू चहाचं आधण ठेवून उंबऱ्यात बसायचीस, आत नाही. आत बसलं की बायको रिकामी आहे असं दिसतं. निम्मा पिक्चर होतो न होतो तोच लाईट जायची. नाही गेली, तर मोटार चालू, म्हणजे पाणी चालू, म्हणजे दादांची रानातून हाक, दारं धरायला कुणीतरी या. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायला येणारं ते कुणीतरी म्हणजे तूच, हे हाक मारणाऱ्यालाही माहीत होतं. अख्ख्या नव्वदच्या दशकात तू एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नाहीस. सरकार आणि नवरा, दोघांनी मिळून तेवढी काळजी घेतली.

आणि सोमवारी सावड. आज आमच्या रानात, उद्या तुमच्या, अशा आठ-दहा बायका कांद्याच्या वाफ्यात ओळीनं खुरपायला बसायच्या आणि तू मधे बसून कालचा पिक्चर सांगायचीस, शेवटासकट. लाईट सगळ्या गावाची गेलेली असायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवट कुठून आला हे कुणी विचारत नव्हतं. तुझ्या मारामारीच्या पिक्चरमध्ये म्हातारा खलनायक नेमका जेवणवेळेला नायकाच्या घरी यायचा, आणि नायकाची आई त्याला ताट वाढून म्हणायची, "आधी जेव. मंग पोरगा मारल तुला." तो भाकरी हातात धरून रडायचा. पुढं मी तो सिनेमा सीडीवर पाहिला. त्यात एक गोदाम आहे, पिंपं आहेत आणि पंधरा मिनिटं सगळं फुटत राहतं. भाकरी नाही.

पण मला सांगायचाय तो वरवंट्याचा. पिक्चर जुना, काळा-पांढरा. सुनेला घरातून हाकललेलं असतं, वर्षांनी ती परत दारात येऊन उभी राहते, आणि लाईट जाते. मी त्याच रात्री पुण्याच्या होस्टेलवरून सुट्टीला आले. सोमवारी तुमच्या ओळीत बसले, चार गवताच्या काड्या उपटल्या असतील. तू सांगतेयस.

"मंग ती दारात हुबी. सासरा आत, सासू आत, नवरा खांबाला टेकल्याला."

"मंग?" धाकट्या काकूचं खुरपं थांबलेलं.

"ती म्हनली, मी काय ऱ्हायला आले न्हाई. माझा वरवंटा द्या. म्हायेरनं आनल्याला."

"आनि पाटा गं?"

"पाटा म्हनली ऱ्हाऊ द्या तुमाला. आता काय वाटायचं ते बोटानं वाटा."

आणि ती वरवंटा पदरात गुंडाळते, तान्हं लेकरू घेतल्यासारखा छातीशी धरते आणि बांधाबांधानं निघून जाते, मागं न बघता. सगळी ओळ हसत सुटली. काकू मातीच्या हातानं डोळे पुसत होती, हसून की कशानं, ते तिला विचारायला हवं होतं.

तेव्हा मी म्हणाले, "आई, तसं नाहीये त्या पिक्चरमध्ये. ती सासऱ्याच्या पाया पडते, तो तिला उचलून घेतो, मग गाणं आहे. काहीही सांगतेस तू."

"आत्ता गं," काकू म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं आमाला फसवीत व्हती का काय ही?" ती चेष्टेनं म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा हसल्या. तू मात्र खुरपं आपटून माती झाडलीस आणि म्हणालीस, "शिकल्यालं मानूस सांगतंय तर तसंच आसंल. आमी निम्माच बघितला."

दुसऱ्या दिवशी काकूच्या रानात बायकांनी विचारलं, आज काय न्हाई का? तू मान वर न करता म्हणालीस, "तिला इचारा. तिनं बघितलाय." मला कुणी विचारलं नाही. त्यानंतर तू कधीच पिक्चर सांगितला नाहीस. सावड चालूच राहिली, कांदाही खुरपून झाला. आज ज्या जिभेवर माझं घर चालतं, तिला पहिली धार मी तुझ्यावर लावली, हे मी कुठल्या मुलाखतीत सांगितलेलं नाही.

पुढं तू मंचरच्या दवाखान्यात होतीस तेव्हा खोलीत टीव्ही होता, आणि लाईट गेली तरी तो बंद पडत नव्हता. एका दुपारी तू उशाला टेकून एक रंगीत पिक्चर पार शेवटच्या पाटीपर्यंत बघितलास. आयुष्यातला पहिला. मी मोसंबी सोलत होते.

"कसा होता?"

"चांगला व्हता. शेवट काय जमला न्हाई त्यान्ला."

मी हसले. तू कसा केला असतास, एवढं विचारायला काय लागत होतं? मी मोसंबीच्या बिया काढत बसले. तीन आठवड्यांनी तू गेलीस.

परवा वाचनालयातून फोन आला. "मॅडम, तुमचे सीन पेनड्राइव्हवर द्या. आपण मोठ्या पडद्यावर दाखवू." मी म्हणाले, माझे सीन पडद्यावर नाहीत, मी तोंडी सांगणार. "मग लोकांना दिसणार कसं?" भला माणूस आहे, त्याला काळजी वाटली. मी म्हटलं, आमच्याकडं खुरपताना दिसत होतं, तुमच्याकडं तर खुर्च्या आहेत.

तर माझं ठरलं आहे. रविवारी उरलेले चारही प्रसंग मी गाळणार आणि एकटा वरवंटा सांगणार, तुझ्याच बोलीत, त्या बोटांसकट. आधी सांगणार की हा प्रसंग माझ्या आईनं कांद्याच्या वाफ्यात केला आणि मी तो मोडला. सिनेमातलं बारीकसारीक पाठ असलेला एक गृहस्थ अशा प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत असतोच. तो उठून म्हणेल, बाई, तसं नाहीये त्या चित्रपटात. त्याला मी बसा म्हणणार नाही. विचारणार, तुमच्या गावाची लाईट किती वाजता जायची? पुन्हा कुणी बोलावलं नाही तरी चालेल.

हे पत्र मी वहीतच ठेवते. फक्त एक राहिलं. तिनं बघितलाय, असं तू म्हणालीस तेव्हा मी ते खोडलं नाही. मी तो पिक्चर बघितलेला नव्हता, आई. पुढं नारायणगावच्या दुकानात त्याची सीडी दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा परत ठेवली, म्हणजे अजूनही बघितलेला नाही. ते पाया पडणं आणि ते गाणं मला होस्टेलवरच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं. ती लोणीची, तिनंही तो गावी टीव्हीवरच बघितला होता. त्यांच्याकडंही निम्म्या पिक्चरलाच लाईट जायची.